शेताच्या नावाचा रकाना

हेरवाडे आण्णांबद्दल चार चांगले शब्द लिहायचे म्हणून मी आजवर तीनदा बसले आणि तीनदा उठले. चांगले शब्द सुचत नाहीत असं नाही, भरपूर सुचतात; पण प्रत्येक शब्द लिहिताना पोटात कुठेतरी जळतं. माणूस माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठा, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, हुद्द्याने माझ्या हाताखालचा. आणि तरी एका ऑफिसात काढलेल्या सगळ्या वर्षांत मी एकाही दिवशी त्यांच्या पुढे गेले नाही. तेव्हा हे लिखाण गोड होणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, एका पिठाच्या गिरणीवरच्या माडीत आमचं ऑफिस होतं. जमीन आणि पाणी यांवर काम करणारी छोटी संस्था. उसाला पाणी पाजून पाजून शिरोळ भागातल्या जमिनी खारवत चालल्या होत्या. अशा जमिनींत आणि नदीकाठच्या पट्ट्यांत तळी खोदून मासे वाढवता येतील का, आणि येतील तर नेमके कुठे, हे शोधायचं काम संस्थेकडे आलं होतं. मी बार्शीची. भूगोलात एम.ए. करून, उपग्रहाची चित्रं वाचायचं आणि संगणकावर नकाशे करायचं वर्षभराचं शिक्षण घेऊन मी इथे रुजू झाले होते. त्या काळी हे येणारी माणसं जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतलं एक बोट आपण आहोत याची मला सकाळ-संध्याकाळ आठवण असायची.

काम करायची रीत तशी सोपी. एका नकाशात जमिनीचा उतार, दुसऱ्यात माती, तिसऱ्यात पाणी, चौथ्यात पुराची रेघ, पाचव्यात रस्ते. प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचे, मग सगळे नकाशे एकावर एक ठेवून गुणांची बेरीज करायची. जिथे बेरीज सगळ्यात जास्त तिथे गडद निळा रंग, म्हणजे तळ्याला अतियोग्य. त्याखाली फिका निळा, पिवळा, आणि शेवटी अयोग्य जमिनीला लाल. संगणक रात्रंदिवस कुरकुरत ही बेरीज करायचा आणि कागदावर अख्खा तालुका रंगीत होऊन बाहेर यायचा. तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला रडू आलं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी जिन्यावरून कुणीतरी विचारलं, "आण्णा हाईत का?"

ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस हेच विचारायचा. शेतकरी असो, सरपंच असो, दुसऱ्या खात्याचा साहेब असो. काचेच्या खोलीत, थंड हवेत, लाखमोलाच्या यंत्रापुढे मी बसलेली दिसत असूनही माणसं मला ओलांडून मागच्या खोलीत जायची. तिथे लाकडी स्टुलावर बसाप्पा हेरवाडे नावाचा अनुरेखक बसलेला असायचा. अनुरेखक म्हणजे मेणकागदावर शाईने नकाशे उतरवून काढणारा. संगणक आल्यावर खरं तर त्यांचं काम संपलं होतं. आमच्या संस्थेचे प्रमुख असलेल्या इनामदार सरांनी त्यांना काढलं नाही. माझ्या मदतीला दिलं, असं ते म्हणाले. मदत कुणाची कुणाला झाली हे पुढे येईलच.

आण्णा अंगाने बारके, काळेसावळे. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, सदऱ्याच्या आत गळ्यातलं लिंग, आणि खिशात नेहमी माती. शब्दशः माती. शेतावर गेले की मूठभर उचलायची, डब्यातलं पाणी शिंपडून मळायची, लाडवाएवढा गोळा करायचा आणि वर फेकून झेलायचा. गोळा फुटला नाही तर जमीन तळ्याला बरी. मग त्याच गोळ्याची दोन तळव्यांत वात वळायची. ती किती लांब होते, कुठे तुटते ते बघायचं. ही परीक्षा पुस्तकातही आहे, मी ती शिकले होते. पण मी फेकलेला गोळा एक तर माझ्या साडीवर फुटायचा नाही तर मलाच झेलता यायचा नाही.

संध्याकाळी ते हे गोळे ऑफिसात आणत. माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढायचा नियम होता. आण्णा चपला इमानदारीने काढत, पाय पुसत, आणि मग खिशातून पाचसहा गोळे काढून माझ्या कीबोर्डच्या शेजारी ओळीनं मांडत.

"हे काय?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"नमुने की, बाई. हा नदीकडचा. हा वड्याकडचा. ह्यो जरा लबाड हाय, वरनं काळा दिसतोय, पन आत रेवा हाय, वाळूच."

"नमुने पिशवीत घालून, चिठ्ठी लावून द्यायचे असतात."

"लावू की चिठ्ठी," असं म्हणून त्यांनी प्रत्येक गोळ्याखाली एकेक कपटा सरकवला. अक्षर छापल्यासारखं. शाईने आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाचं अक्षर ते; त्याचासुद्धा मला राग आला.

गंमत म्हणजे हा माणूस मासा खात नव्हता. खाणं सोडा, मासळीबाजाराच्या बाजूने जायचं झालं तर उपरणं नाकाला लावायचा. गावोगाव लोक चेष्टा करायचे, "आण्णा, तळं काडताय, मग चव बी बगा की!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी सुताराचं काम करतोय, बाबा. घर बांदून द्याचं. राहनाऱ्याला कशाला खाऊ?" लोक हसायचे. हीच माणसं मी उताराची टक्केवारी सांगायला लागले की जांभया द्यायची.

त्यांची एक सवय मला सगळ्यात जास्त खटकायची. शेताच्या बांधावर पोचलं की आत पाय टाकायच्या आधी ते मालकाला विचारत, "नाव काय हिचं?"

मालकाचं नाव नव्हे, शेताचं. आपल्याकडे प्रत्येक तुकड्याला नाव असतं. चिंचेची पट्टी, गवळ्याचं रान, भुताचा माळ, असं काहीबाही. सातबाऱ्यावर ते नसतं, गट नंबर असतो. मला गट नंबर पुरत होता. आण्णांना पुरत नव्हता. आणि नाव विचारायचं ते शक्यतो बायकांना. "गडी वर्सातनं चार डाव नांगर घिऊन येतोय," ते म्हणायचे. "भांगलन, तन काडनं, बाईच करती. कुटं पाय रुततोय, कुटं न्हाई, तिच्या पायाला म्हाईत."

सीमेकडच्या गावांत गेलो की बायकांशी ते कानडीत सुरू व्हायचे. "हेसरु एनु?" एवढं मला कळायचं, नाव काय म्हणून. त्यापुढे बांधावर दहा-पंधरा मिनिटं हसणं-खिदळणं चालायचं आणि मी हातात उपग्रहाशी बोलणारं यंत्र धरून उन्हात उभी. ते यंत्र नवीनच आलं होतं. आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते आकड्यांत सांगायचं. मी ते मुद्दाम आण्णांना दाखवलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मनापासून कौतुक केलं. मग परत देताना म्हणाले, "आपन कुटं हाय ते आबाळातनं कळतंय ह्याला. कशावर हाय ते न्हाई कळत नव्हं?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते खरंच विचारत होते.

एकदा मी पडद्यावर एक ओढा रेखाटत होते. जुन्या सरकारी नकाशावरून रेघ ओढत ओढत यायची, काटेकोर काम. मागे आण्णा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. "बाई, वडा हितं वळतोय," त्यांनी बोट लावलं. पडद्याला बोट लावलेलं मला चालत नसे. मी म्हटलं, नकाशात सरळ आहे. ते म्हणाले, "आसंल. आमच्या मामाच्या शेतातनं जातोय, म्हनून म्हनलं." इनामदार सर तिथेच होते. ते हसले आणि म्हणाले, "मामापुढे नकाशा हरला!" त्या दिवशी सगळे घरी गेल्यावर मी उपग्रहाचं चित्र मोठं करून पाहिलं. ओढा वळत होता. मी रेघ दुरुस्त केली आणि कुणालाही सांगितलं नाही.

मत्सर माणसाकडून काय काय करून घेतो! मंगळवार पेठेतच मी एका घरात खोली घेऊन राहायचे. रविवारी दुपारी मागच्या अंगणात मी गुपचूप मातीचे गोळे फेकायचा सराव सुरू केला. कुंड्यांतली माती संपवली. घरमालकीण काकू एकदा पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, लाडू करायलीस व्हय मातीचं?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. "आमच्या हेरवाडे आण्णाला इचार की," काकू म्हणाल्या. "त्येनं आमच्या म्हैसुंद्याच्या रानाची माती बगून हीर कुटं काडू नका ते सांगितलं हुतं." म्हणजे घरीसुद्धा सुटका नाही. उरलेले गोळे मी भिंतीवर मारले.

आता सुशीलाक्कांच्या पट्टीबद्दल. हे सांगितल्याशिवाय आण्णा पुरे होत नाहीत आणि मीही.

सुशीलाक्का शिरोळकडच्या एका गावातल्या. रांगड्या, पन्नाशीच्या, नवरा मुका आणि शांत, त्यामुळे बोलायचं काम त्या एकट्याच दोघांपुरतं करायच्या. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं, "मी आलो, मी जेवलो" असं पुरुषासारखं. उसाचं एक रान आणि नदीच्या अंगाला वीस गुंठ्यांची एक काळी पट्टी, एवढी त्यांची जमीन. त्या पट्टीवर वर्षाच्या भुईमूग-भाजीपाल्याचं भागायचं. ती पट्टी माझ्या नकाशात गडद निळी आली. अख्ख्या गावात तेवढा एकच तुकडा. सपाट, काळीभोर चिकणमाती, पुराच्या रेघेच्या बाहेर, रस्ता जवळ. गुणांची बेरीज बघून मला इतका आनंद झाला की मी पहिलं तळं तिथेच करायचं असं सरांना सांगून टाकलं.

गावात देवळाच्या मंडपात बैठक भरवली. मी नकाशा भिंतीवर लावला, पट्टीभोवती काठी फिरवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुशीलाक्का पदर तोंडाला लावून लाजल्या, मुलीला दाखवायचा कार्यक्रम असावा तशा. तेवढ्यात मागून आण्णा उठले.

"बाई, त्या पट्टीचं जरा... तिला हावरी म्हनत्यात."

मला ठाऊक होतं. आण्णांनी आणलेल्या फॉर्मच्या समासात त्यांच्या त्या छापील अक्षरात 'हावरी' लिहिलेलं होतं. आमच्या बार्शीकडे हावरी म्हणजे तीळ. फॉर्मात पिकाचा रकाना रिकामा होता, समासात पीक लिहिलंय असं समजून मी त्या रकान्यात 'तीळ' भरून टाकला होता. आता हा माणूस भर बैठकीत मला पीक सांगायला उठलाय, असं मला वाटलं. ओढ्याच्या वेळचं सरांचं हसू आठवलं.

"हेरवाडे," मी म्हणाले, आणि आण्णा न म्हणता हेरवाडे म्हणाले हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. "नकाशात ऐकीव गोष्टी घेता येत नाहीत. माती तपासली आहे, गुण दिले आहेत, उत्तर समोर आहे. बसा तुम्ही."

सुशीलाक्कांनी माझ्याकडे नाही, आण्णांकडे पाहिलं. "आण्णा, तुमी सांगा. करू का नगं?"

त्या क्षणी मला त्या बाईचा इतका संताप आला! नकाशा माझा, शिक्षण माझं, आणि विचारायचं त्यांना. आण्णा थोडा वेळ उपरण्याच्या टोकाशी खेळले. मग म्हणाले, "मला नुसतं नाव म्हाईत हाय, आक्का. बाई शिकल्याल्या हाईत, त्यांनी तपासलंय. बगू या."

असं म्हणून ते बसले. मी जिंकले होते.

खोदाईला यंत्र आलं तेव्हा आण्णा तीन दिवस काठावर उभे होते. यंत्र चालवणाऱ्याच्या मागे सारखी भुणभुण. "वरली काळी हिकडं टाक, पावनं. खालची तिकडं. मिसळू नगंस बाबा, मिसळू नगंस." मला वाटलं, काही काम नाही म्हणून मिरवतायत. तिसऱ्या दिवशी पूर्वेच्या कोपऱ्यात, तळाशी, हातभर रुंदीची वाळूची शीर लागली. मी म्हटलं, एवढ्याने काही होत नाही, काळी माती दाबून बसवा. आण्णांनी धोतर खोचलं आणि स्वतः पायांनी तुडवून ती शीर बुजवली.

तळं भरलं. पाचव्या दिवशी सकाळी ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून माशांचं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, टेम्पोने आलं. गाव जमलं होतं. सुशीलाक्कांनी हळदीकुंकवाचं ताट आणलं होतं. आणि तळ्यात घोट्याइतकं पाणी उरलं होतं. कडेला ओल्या चिखलावर पाणी उतरल्याच्या रेघा दिसत होत्या, एकाखाली एक.

ताट हातात तसंच धरून सुशीलाक्का मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या नकाशात पानी हाय नव्हं? मग त्यातनं काडून द्या की!"

आण्णा तेवढ्यात टेम्पोकडे धावले होते. पिशव्यांतली पिल्लं उन्हात मरायला नकोत म्हणून. जन्मात मासळीच्या वाऱ्याला न उभा राहणारा तो माणूस एकेक पिशवी पोटाशी धरून, तान्ही पोरं नेतात तशी, पलीकडच्या विहिरीकडे नेत होता. एक पिशवी फुटली आणि त्यांचा सदरा वरपासून खालपर्यंत भिजला. चिकटलेली पिल्लं त्यांनी बोटांनी हळूच वेचून पाण्यात सोडली. मग सगळं गाव त्यांच्या मागे पिशव्या घेऊन धावलं. मी तिथेच उभी. त्याही वेळी माझ्या मनात आलं ते हेच की, हे लोक माझ्या सांगण्यावरून असे धावले असते का?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि संगणकावर त्या पट्टीची माहिती उघडायला सांगितली. उघडली. आण्णा मागून वाकून वाचत होते.

"तीळ?" ते म्हणाले. "तितं कुनी लावला तीळ?"

"तुम्हीच लिहिलंय. हावरी."

आण्णा आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आवो बाई, हावरी म्हंजे हावरट की वो! पानी पिनारी! किती बी पाजा, दुसऱ्या दिशी कोरडी. म्हातारी मानसं म्हनायची, वड्याची जुनी वाट तिच्या पोटात हाय, म्हनून." काळ्या मातीखाली बुजलेल्या ओढ्याची वाळू होती. वरून दोन फूट भोक पाडून घेतलेल्या माझ्या नमुन्यांना ती लागलीच नव्हती. सुशीलाक्कांनाही नावाचा अर्थ वेगळाच वाटत होता. पट्टी खत फार खाते म्हणून सासू तिला हावरी म्हणते, असा त्यांचा समज. तीळसुद्धा पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत येतो. म्हणजे चुकीचा अर्थ लावूनही मी बरोबर उत्तराच्या दारात गेले होते आणि तिथूनही परत फिरले.

सरांनी विचारलं, "मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, हेरवाडे?"

आण्णा म्हणाले, "मी सांगाय उटलो, पन अर्दंच सांगितलं. बाईंनी इचारलं न्हाई. दोगांचं बी चुकलं." त्यांनी माझा गुन्हा स्वतःवर घेतला नाही आणि माझ्यावर ढकललाही नाही. बरोबर अर्धा अर्धा केला. इतका नेमका न्याय करणाऱ्या माणसाशी वैर तरी कसं धरायचं? मी तेही जमवलं.

तळं बुजवलं. वाळू आधी, काळी माती वर. ती वेगळी राखलेली होती म्हणून पट्टी वाचली. मिसळली असती तर पुढची कितीतरी वर्षं तिथे काही आलं नसतं. भुणभुण कशासाठी चालली होती ते मला तेव्हा कळलं. नाव ऐकून शंका आलेली, खात्री नव्हती; मग माझा नकाशा खरा ठरला तर तळं व्हावं आणि खोटा ठरला तर शेत उरावं, एवढी सोय त्यांनी गुपचूप करून ठेवली होती. पुढच्या वर्षी सुशीलाक्कांनी त्या पट्टीतल्या भुईमुगाच्या शेंगा ऑफिसात आणून दिल्या. पिशवी आण्णांच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, "त्यातल्या चार बाईंना बी द्या."

त्यानंतर एकदा आण्णा माझ्या खोलीत आले. चपला काढून. "बाई, त्या तुमच्या संगनकाच्या डब्यात शेताच्या नावाचा एक रकाना ठिवता यील का?" मी बघते म्हटलं. आठवड्याभरात तो रकाना केला. शिरोळ तालुक्यातल्या शेकडो शेतांची नावं आण्णांनी दोन वर्षं फिरून गोळा केली, मी भरली. ज्या नावात पाणी, चिखल, वाळू, खडक यांचा वास येतो तिथे नकाशाला पुन्हा तपासा म्हणून खूण, आणि नाव पाणी पिणारं किंवा गळणारं असेल तर तपासेपर्यंत लाल रंग. नकाशे एकदम सुधारले. पुढच्या चारही तळ्यांत पाणी टिकलं. बाहेरचे लोक बघायला येऊ लागले आणि इनामदार सर माझ्याकडे बोट करून त्यांना सांगू लागले, "ही आमच्या देशमाने मॅडमची कल्पना." मी पहिल्यांदा तोंड उघडणार होते. उघडलं नाही. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

आण्णा निवृत्त झाले त्या दिवशी गिरणीवरची ती माडी पडते की काय अशी भीती वाटली. गावोगावची माणसं जिन्यावर, खाली रस्त्यावर, पार पानपट्टीपर्यंत. मी निरोपाचं भाषण केलं, चांगलं केलं. बोलता बोलता मी गर्दी न्याहाळत होते आणि माझ्या निरोपाला यांतलं कोण येईल ते मनात मोजत होते. फार मोजावं लागलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही वर्षांनी, जयसिंगपुरात. मत्स्यशेतीच्या जमिनी कशा निवडायच्या यावर कार्यशाळा होती. निरनिराळ्या जिल्ह्यांतले अधिकारी आले होते. आता पडद्यावर नकाशे दाखवता येत होते. एकेक थर उचलायचा, ठेवायचा. मी बोलायला उभी राहिले आणि तिसऱ्या रांगेत आण्णा दिसले. केस पांढरे, विभूती तशीच. शेजारी सुशीलाक्का. गावातर्फे त्यांना बोलावणं होतं, त्यांनी आण्णांना ओढून आणलं होतं.

माझं बोलणं झालं. शेताच्या नावांचा भाग लोकांना फार आवडला. एक तरुण अधिकारी उठून म्हणाला, "मॅडम, ही कल्पना सुचली कुणाला?"

अख्खं सभागृह माझ्याकडे बघत होतं. आण्णासुद्धा, मान थोडी कलती करून, कौतुकाने. ते नाव माझ्या जिभेवर होतं. खरंच होतं. फक्त चार अक्षरी आडनाव आणि पुढे आण्णा. पण मला दिसलं की मी ते उच्चारलं की सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळतील, आणि चहाच्या वेळी माझ्याभोवती कुणी उरणार नाही.

"आमच्या टीमला," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. आण्णांनीही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.

बाहेर एस.टी. स्टँडपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. सुशीलाक्का सगळी वाट गप्प होत्या, आणि त्या गप्प असणं हे काही साधं नव्हतं. फलाटावर पोचल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"बाई, टीममदी किती मानसं हुता तुमी?"

"दोगं," मी काही बोलायच्या आत आण्णा म्हणाले.

"दोगंच? मग दुसऱ्याचं नाव घ्याला असा किती येळ लागतोय वो?"

"आक्का, गप. टीम म्हंजे मी बी आलोच की त्यात." आणि माझ्याकडे वळून, "लई चांगलं बोल्लासा, बाई. मला सगळं कळलं."

गाडी लागली. सुशीलाक्का आधी चढल्या, खिडकीजवळ जागा धरली, आणि माझ्याकडे न बघता आण्णांना आत बोलावलं. ते गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढले. गाडी मागे वळून निघाली तेव्हा आण्णांनी सुशीलाक्कांना ओलांडून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, "बाई! त्या तिसऱ्या नकाशात 'गळवट' लिवलंयसा! 'गाळवट' हाय त्ये! काना ऱ्हायलाय, काना!"

मी हात हलवला. गळवट म्हटलं तर पाणी गळून जाणारी जमीन. गाळवट म्हटलं तर गाळाची, पाणी धरून ठेवणारी. एका कान्यावाचून कुणाचं तरी चांगलं तळं माझ्या नकाशात लाल झालं होतं. एवढ्या लांबून, त्या वयात, पडद्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांना तेवढंच दिसलं होतं. की बाकीचंही दिसलं होतं, हे मला कधीच कळणार नाही. त्यानंतर आण्णा मला भेटले नाहीत. वर्षभरात ते गेल्याचं कळलं, तेही उशिरा.

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या मी तो काना दिला होता. लाल तुकडा निळा झाला. त्याच ओळीत पुढे 'माहिती देणाऱ्याचे नाव' असा एक रकाना होता. मी तिथपर्यंत गेले, 'हे' एवढं अक्षर टाइप केलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले, आणि पुसून टाकलं.